सकाळचं अर्धं आहे, नवीन फोडू का?

“मॅडम, सकाळचं अर्धं आहे. तेच देऊ, का नवीन फोडू?”

बावीस वर्षं मी कराडच्या आसपास भूल देत फिरते आहे. पाटण, उंब्रज, मलकापूर, कधी वडूजपर्यंत. गाडीच्या डिकीत बॅग, बॅगेत माझी औषधं, लॅरिंगोस्कोप, नळ्या. सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दुपारी दुसरीकडे सिझर, रात्री तिसरीकडे मोडलेला हात. या सगळ्या फिरतीत हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय तितका दुसरा कुठलाही नाही. विचारणाऱ्या सिस्टर मनानं चांगल्या असतात. औषध वाया जाऊ नये, पेशंटचं बिल फुगू नये, एवढंच त्यांच्या मनात असतं. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकणाऱ्या घरांतून आपण सगळे आलोय. अर्धी भरलेली बाटली कचऱ्यात टाकायला हात धजावत नाही, हे मला कळतं.

तरी माझं उत्तर आता एकच असतं. “ते टाका सिस्टर. नवीन फोडा.”

हे उत्तर मला एका संध्याकाळनं शिकवलं. ती सांगायचीच आहे, पण आधी औषधाबद्दल थोडं सांगते, म्हणजे त्या संध्याकाळी काय झालं असावं ते समजेल.

ज्यांचं छोटंमोठं ऑपरेशन झालंय त्यांनी हे औषध पाहिलेलं असणार. हाताच्या शिरेतून पांढरंशुभ्र काहीतरी आत जातं, जरा झोंबतं, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात माणूस झोपतो. त्याचं नाव प्रोपोफॉल. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आम्ही सगळे त्याला ‘दूध’च म्हणतो. “सिस्टर, दूध भरा.” दिसतंही तसंच. प्रोपोफॉल स्वतः पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते तेलात मिसळून त्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. खोक्यातल्या कागदावर यादी असते. १ टक्का औषध, १० टक्के सोयाबीनचं तेल, १.२ टक्के अंड्यातलं लेसिथिन, २.२५ टक्के ग्लिसरॉल, उरलेलं पाणी. नवीन सिस्टर आली की मी तिला ही यादी वाचून दाखवते आणि विचारते, “आता यात जंतूला उपाशी ठेवणारं काय आहे, सांग बरं.” ती विचार करते आणि म्हणते, “काहीच नाही मॅडम. हे तर जेवणच झालं.”

जेवणच आहे. स्टॅफ, ई. कोलाय, स्युडोमोनास, कॅन्डिडा नावाची बुरशी, सगळे त्यात वाढतात.

हे तेल त्यात आलं कसं, त्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत इयन ग्लेन नावाचे मूळचे पशुवैद्य नवीन भुलीचं औषध शोधत होते. १९७७ मध्ये प्रोपोफॉल पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात विरघळवलेलं होतं. क्रेमोफोरमुळे काहींना तीव्र ॲलर्जीसारखा त्रास झाला. औषध मागे घ्यावं लागलं. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती, पण त्यांनी ते औषध सोडलं नाही, द्रावक बदललं. सोयाबीनचं तेल आणि अंड्याचं लेसिथिन आलं, ॲलर्जीचा तो प्रश्न मिटला आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये औषध बाजारात आलं. २०१८ मध्ये ग्लेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला आणि तो त्यांचा हक्कच होता. आज आमच्या पेशंटला उठल्यावर मळमळ कमी होते, डोकं लवकर स्वच्छ होतं, दुपारी घरी जाता येतं, ते या औषधामुळे. मी त्याची ऋणी आहे. पण ज्या तेलानं एक अडचण सोडवली त्याच तेलानं जंतूंचं ताट वाढून ठेवलं.

आता आमचे हात कसे घडले तेही सांगते.

प्रोपोफॉलच्या आधी पेंटोथाल होतं. पिवळसर पावडर, अर्धा ग्रॅमची बाटली, त्यात वीस मिली डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, हलवायचं, झालं. मी शिकत होते तेव्हा आमचे सर सकाळी आल्या आल्या पेंटोथाल बनवून ठेवायचे आणि दिवसभराच्या ऑपरेशनांच्या अख्ख्या लिस्टला ते पुरवायचे. कुणाला काही झालेलं मी पाहिलं नाही. कारण पेंटोथालचं द्रावण कमालीचं क्षारीय असतं, पीएच दहाच्या वर. त्यात जंतूंचा निभाव लागत नाही. चुकून शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळणारं औषध ते! म्हणजे आम्ही निष्काळजी होतो तरी औषधच आम्हाला सांभाळून घेत होतं. पुढे हातात प्रोपोफॉल आलं, आणि हातांना जुनीच सवय. सकाळी सिरिंजा भरून ट्रेमध्ये मांडून ठेवायच्या. उरलेलं पुढच्या पेशंटला द्यायचं. औषध बदललं, हात तेच राहिले. या सगळ्या विषयातली मूळ गोम माझ्या मते इथे आहे.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. अमेरिकेत १९८९ च्या शेवटी प्रोपोफॉलला परवानगी मिळाली आणि १९९० च्या जूनमध्ये त्यांच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं कॅलिफोर्निया, इलिनॉय, मेन आणि मिशिगन या चार राज्यांतल्या रुग्णालयांबद्दल इशारा छापला. ऑपरेशननंतर पेशंटना ताप, रक्तात जंतू, जखमेत पू. परवानगी मिळून वर्षही झालं नव्हतं. १९९३ पर्यंत सीडीसीच्या लोकांनी ७ रुग्णालयांत जाऊन तपास केला आणि तो सगळा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पोलीस तपास वाचावा तसा एका बैठकीत वाचला. ऑपरेशनं वेगवेगळी, जंतूही वेगवेगळे, कुठे स्टॅफ ऑरियस, कुठे कॅन्डिडा, कुठे सेराशिया. सातही ठिकाणी समान सापडली ती एकच गोष्ट, प्रोपोफॉल.

साहजिकच पहिला संशय कारखान्यावर गेला. त्यांनी न फोडलेल्या बाटल्या तपासल्या. त्या स्वच्छ निघाल्या. मग वापरात असलेल्या सिरिंजांमधलं औषध तपासलं. दोन रुग्णालयांत त्यात जंतू सापडले, आणि एका ठिकाणचा जंतू तर पेशंटच्या अंगात सापडलेल्या जंतूशी तंतोतंत जुळला. जंतू कारखान्यातून आलेच नव्हते. बाटली फोडली तिथून पुढे, भुलीच्या डॉक्टरच्या हातून ते आत गेले होते. तपासणाऱ्यांनी ओटीत उभं राहून पाहिलं तेव्हा काय दिसलं? रबराचं बूच पुसलं जात नव्हतं. सिरिंजा कितीतरी तास आधी भरून ठेवल्या जात होत्या. तीच सिरिंज दुसऱ्या पेशंटला. एका बाटलीतून अनेकांना.

वाचता वाचता मी थांबले. हे तर आमचंच ओटी होतं.

एक जुनी आठवण इथे सांगायलाच हवी. १९९९ साली मी निवासी डॉक्टर होते आणि माझी रूममेट मायक्रोबायॉलॉजीत एमडी करत होती. प्रोपोफॉल तेव्हा आमच्यासाठी महाग आणि अप्रूपाचं होतं. मी एकदा तिला म्हटलं, “यात जंतू वाढतात म्हणतात, खरं का गं?” ती म्हणाली, “आण ना, बघू.” मी ताजी बाटली आणि थोडं पेंटोथाल घेऊन तिच्या लॅबमध्ये गेले. तिनं तीन ट्यूब घेतल्या. एकीत सलाईन, एकीत पेंटोथाल, एकीत प्रोपोफॉल. तिन्हींत स्टॅफचा अगदी विरळ केलेला थेंब टाकला आणि बाकावर नुसत्या ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी तिन्हींतला एकेक थेंब तिनं ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायला रक्त घालून केलेल्या, लालभडक प्लेटवर ओढला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली.

पेंटोथालची प्लेट कोरी. सलाईनच्या प्लेटवर पाच-सहा ठिपके, मोजता येतील असे. आणि प्रोपोफॉलच्या प्लेटवर पोळपाटावर पीठ भुरभुरावं तसे एकाला एक लागून सोनेरी ठिपके. लाल रंग मधूनमधून दिसत होता इतकंच.

पण मला जास्त धक्का प्लेटनं दिला नाही, ट्यूबनं दिला. प्रोपोफॉलची ट्यूब स्टँडमध्ये तशीच होती. मी ती खिडकीच्या उजेडात धरून तिरकी करून पाहिली. पांढरीशुभ्र. जशी पहिल्या दिवशी होती, तशीच तिसऱ्या दिवशीही होती. सलाईनमध्ये एवढे जंतू वाढले असते तर ते गढूळ दिसलं असतं, कुणाच्याही लक्षात आलं असतं. घरातलं दूध नासलं तर फाटतं, वास येतो, आपण ओतून देतो. हे दूध नासलेलं दिसत नाही. लाखो जंतू पोटात घेऊन ते ताज्या औषधासारखंच चकाकत राहतं.

हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरीही ती संध्याकाळ आली, म्हणून ती लिहिणं मला जड जातं.

अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. एका तालुक्याच्या गावातलं छोटं नर्सिंग होम. सकाळी साडेनऊला मी तिथे एका पेशंटला भूल दिली होती, वीस मिलीच्या बाटलीतून. निम्मी उरली. मी दुसऱ्या गावी निघून गेले. संध्याकाळी पाचला तिथूनच फोन आला. अर्धवट गर्भपात झालेली एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, रक्तस्राव चालू आहे, क्युरेटिंग करायचंय, म्हणजे गर्भाशय साफ करायचंय, दहा मिनिटांचं काम, लगेच या. मी गेले. वीज दुपारपासून गेलेली, इन्व्हर्टरवर ओटीचा दिवा तेवढा चालू, एसी बंद. कपाळावरचा घाम मी बाहीला पुसत होते.

आणि तो प्रश्न आला. “मॅडम, सकाळचं अर्धं आहे. तेच देऊ, का नवीन फोडू?”

ट्रेमध्ये हिरव्या कापडाखाली बाटली होती. बुचात अठरा नंबरची सुई तशीच टोचलेली. गुलाबी टोक वर, उघडं. ही सवय आपल्याकडे किती ठिकाणी आहे ते ओटीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. पुन्हा पुन्हा बूच टोचायला नको, हवा जायला वाट राहते, सिरिंज जोडली की औषध ओढता येतं. म्हणजे ती बाटली साडेसात तास उघड्या दारासारखी होती. पेशंट किडकिडीत, पंचेचाळीस किलोची. तिला नऊ मिली पुरणार होतं. बाटलीत दहा होतं. मी म्हटलं, “तेच द्या.”

सगळं सुरळीत झालं. ती उठली, चहा मागितला. मी घरी आले.

रात्री नऊला फोन. हुडहुडी भरून आलीय, ताप १०३, बीपी ८०. मी तशीच गाडी काढली. पोचले तेव्हा ती दोन ब्लँकेटखाली थडथडत होती आणि तिच्या सासूबाई पायाशी बसून तळपाय चोळत होत्या. सलाईन जोरात सोडलं, जंतू आहेत का ते बघायला रक्त कल्चरला काढलं, अँटिबायोटिक सुरू केलं आणि ॲम्ब्युलन्समधून तिला कराडच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. मी ॲम्ब्युलन्समध्ये तिच्या उशाशी बसले होते. सासूबाईंनी मला विचारलं, “भूल बाधली का हो मॅडम?”

मी म्हटलं, “नाही हो. भुलीनं असं होत नाही.”

ती पाच दिवस आयसीयूत होती आणि बरी होऊन घरी गेली. कल्चरमध्ये ग्रॅम निगेटिव्ह नावाच्या गटातला जंतू आला. कागदावर निदान लिहिलं गेलं ‘सेप्टिक अबॉर्शन’, म्हणजे गर्भपातातला जंतुसंसर्ग, आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. अर्धवट गर्भपातात गर्भाशयातूनच जंतू रक्तात जाऊ शकतात. बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेली होती, म्हणजे तपासायलाही काही उरलं नव्हतं. मला काहीच सिद्ध करता येत नाही. पण सकाळच्या पेशंटला त्याच बाटलीतून, ती ताजी असताना, औषध दिलं होतं आणि तिला साधी कणकणसुद्धा आली नव्हती. आणि अमेरिकेतल्या त्या अहवालातल्या पेशंटचं वर्णन मी वाचलेलं होतं. ऑपरेशननंतर काही तासांत थंडी, ताप, पडलेलं बीपी.

हिशेब तर साधा आहे. सुईच्या टोकावरून दहा जंतू आत गेले असं समजू. पहिले काही तास ते जागेवर रुळतात, मग वाढू लागतात. तिथून दर तासाला दुप्पट झाले असं धरलं तरी दहा तासांत दहाचे दहा हजार होतात. उकाडा असेल तर वाढ आणखी भराभर. आणि हे जंतू जातात कुठे? खाण्यातून गेले असते तर वाटेत पोटातलं आम्ल तरी भेटलं असतं. इथे आपण स्वतः सिरिंज दाबून ते थेट रक्तात सोडतो. काही ग्रॅम निगेटिव्ह जंतूंच्या कवचातलं विषच एवढं असतं की जंतू वाढायची वाट न बघता तासा-दोन तासांत हुडहुडी भरते.

सासूबाईंचा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. आपल्याकडे ‘भूल बाधली’ म्हणतात तेव्हा लोकांना वाटतं भूल जास्त झाली, माणूस उठला नाही, मेंदूवर परिणाम झाला. भूल अशीही बाधू शकते, हे मी त्या बाईंना सांगायला हवं होतं. त्या क्षणी मला शंका आलेली होती. मी सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

त्यानंतर मी सवयी बदलल्या, एकेक करून.

बाटली एका पेशंटची. त्या पेशंटपुरती फोडायची, उरलं तर टाकायचं. वाया जाण्याचं दुःख कमी करायचं असेल तर लहान बाटली मागवायची, दहा मिलीची. मोठी बाटली चौघांत वाटणं हा त्यावरचा उपाय नव्हे. वरचं प्लास्टिकचं झाकण टिचकीनं उडवलं की खालचं रबर निर्जंतुकच असणार असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ते झाकण फक्त धुळीपासून राखण करतं. रबर स्पिरिटच्या बोळ्यानं चोळून पुसायचं आणि वाळू द्यायचं, ओलं असतानाच टोचायचं नाही. काचेचं ॲम्प्यूल असेल तर मान मोडायच्या आधी पुसायची. मोडताना बाहेरचं आत जातंच.

झायलोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबद्दल वेगळं सांगते, कारण याकडे कुणाचं लक्ष नसतं. प्रोपोफॉल झोंबतं म्हणून आम्ही त्यात थोडं झायलोकेन मिसळतो. ते कुठून घेतो? तीस मिलीच्या बाटलीतून, जी टाके घालायच्या ट्रॉलीवर तीन-तीन दिवस उघडी असते आणि तिच्याही बुचात सुई असते. झायलोकेनच्या बाटलीत जंतुरोधक घातलेलं असतं, ते त्या बाटलीपुरतं काम करतं. पण जंतुरोधक म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, आणि तिथून एखादा जंतू प्रोपोफॉलमध्ये आला की त्याला जेवणाचं आमंत्रणच. मी आता आधी शिरेत थोडं झायलोकेन वेगळं देते, दोन मिलीच्या नव्या ॲम्प्यूलमधून, मग प्रोपोफॉल. मिसळत नाही.

भरलेल्या सिरिंजवर मायक्रोपोरची पट्टी, पट्टीवर नाव आणि वेळ. वेळ लिहिली की सहा तासांची मुदत संपली का हे कुणालाही कळतं. काही कंपन्यांच्या औषधात ईडीटीए असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते घालायला लागले, ०.००५ टक्के, इतकंसं. जंतूंना वाढायला जे कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक लागतं ते हे ईडीटीए धरून ठेवतं. त्यामुळे मुदत बारा तासांपर्यंत जाते. पण अपेक्षा एवढीच आहे की चोवीस तासांत जंतू दहापटीपेक्षा जास्त वाढू नयेत. मारणं हे त्याचं कामच नाही. आणि सगळ्या ब्रँडमध्ये ते असतं असंही नाही, म्हणून खोक्यातला कागद वाचायचा. फ्रिजमध्ये ठेवलं तर? हा प्रश्न हमखास येतो. गारठ्यात वाढ मंदावते, जंतू मरत नाहीत. फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरणं म्हणजे तोच धोका उद्यावर ढकलणं.

आयसीयूत पंपावर प्रोपोफॉल चालू असेल तर बारा तासांनी बाटली आणि नळी दोन्ही बदलायच्या. कोविडच्या दिवसांत, तीन-तीन पीपीई किट घामानं भिजत असताना, नळी बदलायची वेळ पाळणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. त्यांना माझा नमस्कार.

आणि थ्री-वे. पेशंट वॉर्डात जातो, सलाईनच्या नळीतला तो छोटा नळही बरोबर जातो, आणि त्याच्या खोबणीत प्रोपोफॉलचा पांढरा थेंब उरलेला असतो. वॉर्डात रात्रभर त्याच नळातून इंजेक्शनं दिली जातात. तो थेंब सलाईननं धुऊन काढल्याशिवाय मी आता पेशंट बाहेर सोडत नाही. दहा सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट जंतूंच्या वाढीची नाही, पण बाटली तीच आहे म्हणून सांगते. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत लास वेगासमधल्या एका एंडोस्कोपी केंद्रातून हिपॅटायटिस सी पसरल्याचं उघड झालं. तिथे पेशंटला दुसरा डोस देताना सुई बदलत, सिरिंज तीच ठेवत. सुई नवी आहे ना, मग झालं, असा समज. पण सिरिंजमध्ये पेशंटच्या रक्ताचा अंश ओढला गेलेला असतो. ती सिरिंज पुन्हा बाटलीत गेली, बाटली दूषित झाली आणि तीच बाटली पुढच्या पेशंटला वापरली गेली. पहिल्यांदा ४० हजार लोकांना तपासणी करून घ्या म्हणून पत्रं गेली, पुढे तो आकडा ६० हजारांच्या वर गेला. विषाणू प्रोपोफॉलमध्ये वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. पण त्याला वाढायची गरजच नव्हती. बाटलीत थोडा वेळ तग धरला एवढं पुरलं. ‘सुई बदलली मॅडम’ हे वाक्य मी आजही ऐकते. दर वेळी काम थांबवते आणि समजावून सांगते, कंटाळा न करता.

सर्जन मंडळींचं म्हणणं असतं, “इतकी वर्षं वापरतोय, कुणाला काय झालं?” झालं असेल तर कळलं कुठून असतं? ऑपरेशननंतर ताप आला की आपण जखम बघतो, छाती बघतो, लघवी बघतो, मलेरिया बघतो. औषधाची बाटली कोण बघतं? ती तर केव्हाच गेलेली असते. अमेरिकेतही एकेकटा पेशंट बघून कुणालाच काही कळलं नव्हतं. सगळे पेशंट एका कागदावर आले तेव्हा कळलं. आमच्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्यांचे पेशंट एका कागदावर येतच नाहीत. सकाळचा एका गावात, संध्याकाळचा दुसऱ्या. तिसऱ्या दिवशी ताप आला तर तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, आणि मला फोन कोण करणार? म्हणून आता मी स्वतःच दुसऱ्या दिवशी फोन करते. “ताप आला होता का? थंडी वाजली का?” वहीत लिहून ठेवते. लोकांना आधी नवल वाटायचं, भुलीची डॉक्टर घरी फोन का करतेय म्हणून.

बऱ्याच ठिकाणी आता प्रश्न बदललाय. उंब्रजच्या एका सिस्टर मी हात धुऊन आले की विचारतात, “दहाची फोडू का वीसची?” उरलेलं औषध त्या गॉजवर ओततात, गॉज पिवळ्या पिशवीत, काच निळ्या डब्यात, सुई पांढऱ्या डब्यात. मला सांगावं लागत नाही.

सगळीकडे असं नाही. गेल्या मंगळवारी एका नव्या ठिकाणी बोलावणं आलं. अपेंडिक्सचं ऑपरेशन, एकोणीस वर्षांचा मुलगा, टेबलावर घेतलेला, आई दाराबाहेर. मी ट्रे पाहिला. हिरवं कापड उचललं. प्रोपोफॉलची अर्धी बाटली, बुचात गुलाबी सुई, टोक वर. मी ती सुई काढली, पांढऱ्या डब्यात टाकली, बाटली बाजूला ठेवली आणि नवीन मागितली. स्टोअरची किल्ली मावशींकडे होती आणि मावशी जेवायला गेल्या होत्या. माझ्या बॅगेतली सकाळीच संपली होती. सर्जन घड्याळाकडे बघत होते. मी त्या मुलाच्या हातावर हात ठेवून म्हटलं, “जरा वेळ लागेल रे, नवीन औषध येतंय.” तो म्हणाला, “चालेल मॅडम.”

वीस मिनिटं लागली. आम्ही सगळे थांबलो.